बाबेलचा बुरूज, नोहाची वंशावळ आणि आपल्या बोली

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही नवापूर तालुक्यातील, मावची ही आदिवासी बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातले, धुळ्याला भाषा विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता, आणि पवित्र शास्त्रातील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे दहावे व अकरावे अध्याय वाचताना चार प्रश्नांपाशी अडला आहात. दहाव्या अध्यायातील, जलप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या वंशावळीत आपण खानदेशातील माणसे कोणत्या शाखेत बसतो? नोहाचा मुलगा हाम याला शाप मिळाला म्हणून काळ्यासावळ्या वर्णाचे लोक खालचे ठरले, असे तुम्ही एका सभेत ऐकले, ते शास्त्राला धरून आहे काय? तुमचे प्राध्यापक मराठी ही महाराष्ट्री प्राकृतातून आली असे शिकवतात, तर मग एकच भाषा बोलणाऱ्या लोकांनी उंच बुरूज बांधायला घेतला आणि देवाने त्यांच्या भाषेचा घोटाळा करून त्यांना पांगवले, या बाबेलच्या कथेचे काय करायचे? चौथा प्रश्न तुम्ही शेवटी दोन ओळींत उरकला आहे, पण पत्र लिहायला बसताना तोच तुमच्या मनात आधी असावा असे मला वाटते: वेगवेगळ्या भाषा ही जर बाबेलची शिक्षा असेल, तर घरी मावची बोलणे आणि मावचीत प्रार्थना करणे म्हणजे ती शिक्षा वागवत राहणे आहे काय?

मी तीस वर्षांहून अधिक काळ धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मंडळ्यांमध्ये जुना करार शिकवत आलो आहे, आणि त्यातली बरीच वर्षे शास्त्रभाग अहिराणीत आणण्याच्या कामात गेली आहेत. त्यामुळे हे दोन अध्याय मी अभ्यासासाठी जितके वाचले, तितकेच ते दुसऱ्या बोलीत कसे सांगावेत या अडचणीतूनही वाचले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची तीन त्याच्यावर उभी आहेत. तुमची मावची ही शिक्षा नाही. शास्त्र तसे म्हणत नाही, आणि जो तसे म्हणतो त्याने दहावा अध्याय नावांची कंटाळवाणी यादी समजून ओलांडून टाकलेला असतो.

उत्पत्ती ९:१ मध्ये देव नोहाला आणि त्याच्या मुलांना आशीर्वाद देतो की तुम्ही फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा आणि पृथ्वी भरून टाका. त्या आशीर्वादाला फळ कसे आले याचा हिशेब म्हणजे दहावा अध्याय. याफेथ, हाम आणि शेम या तिघांच्या शाखा सांगून झाल्या की प्रत्येक वेळी, म्हणजे पाचव्या, विसाव्या आणि एकतिसाव्या वचनात, तेच चार शब्द थोड्याफार फरकाने परत येतात: देश, भाषा, कूळ आणि राष्ट्र. दोषाचा किंवा शिक्षेचा तेथे एकही शब्द नाही. मुले मोठी झाली, वेगळी राहू लागली, आपापल्या मुलखात आपापल्या भाषा बोलू लागली, एवढेच लेखक सांगतो, आणि तेही समाधानाने सांगतो. सगळ्या पृथ्वीवर एकच भाषा होती हे वाक्य त्यानंतर, अकराव्या अध्यायाच्या आरंभी येते. पुष्कळ अभ्यासक म्हणतात की अकराव्यातील घटना काळाने आधीची आहे आणि दहावा अध्याय तिचा परिणाम दाखवतो. शेमाच्या शाखेतील पेलेगच्या दिवसांत पृथ्वीची वाटणी झाली असे १०:२५ मध्ये म्हटले आहे; ते वचन हे अभ्यासक पुराव्यादाखल देतात. घटनाक्रम तसा असेलही. तरी लेखकाने मांडणी उलटी केली ही गोष्ट उरतेच. राष्ट्रे आणि भाषा यांची वाचकाशी पहिली ओळख त्याने आशीर्वादाच्या पानावर करून दिली आहे.

ही वंशावळ वाचायची कशी, हे मला पुस्तकांपेक्षा आपल्याकडच्या भाटांनी अधिक शिकवले. सुगी झाली की वह्या घेऊन भाट गावात येतो, ओसरीवर बसतो, आणि कूळ कोठून निघाले, कोणत्या गावी थांबले, कोणाची सोयरीक कोणाशी झाली हे एका दमात म्हणून दाखवतो. त्या म्हणण्यात माणसांची नावे, गावांची नावे आणि भावकीची नावे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात खोटेपणा वाटत नाही. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातही तसेच आहे. सीदोन हा कनानाचा ज्येष्ठ पुत्र म्हटला आहे आणि सीदोन हे समुद्रकाठचे शहरही आहे. मिस्राईम हे मिसर देशाचेच इब्री नाव आहे, आणि त्याचे ‘पुत्र’ म्हणून दिलेली लूदीम, अनामीम ही नावे अनेकवचनी आहेत, म्हणजे ते एकेक माणूस नसून एकेक जनसमूह आहेत. यबूसी, अमोरी ही तर उघडच जमातींची नावे. कोण कोणाचा कोण लागतो, हे सांगणारी ही नात्याची वही आहे. परंपरेने त्यातील नावे ७० मोजली जातात, आणि ७० हा आकडा पूर्णत्वाचा धरला जात असल्याने यादीचा अर्थ ‘सगळे’ असा होतो. या यादीत इस्राएलाचे नाव नाही, हेही लक्षात ठेवा. ज्या लोकांनी हे लिहून जतन केले, त्यांनी जगाची वंशावळ सांगताना स्वतःला मध्यभागी बसवले नाही. ते शेमाच्या शाखेतील एबराच्या पोटात कोठेतरी आहेत, अजून जन्माला यायचे आहेत.

‘राष्ट्र’ या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे, कारण मराठी वाचकाची येथे नेहमी फसगत होते. राष्ट्र म्हटले की आपल्यापुढे झेंडा, सीमा आणि पासपोर्ट येतो. मूळ इब्री शब्द ‘गोय’ आणि नव्या करारातील ग्रीक शब्द ‘एथ्नोस’ यांचा अर्थ समान उगम, समान रीत आणि समान बोली असलेला जनसमूह असा आहे. त्या अर्थाने पावरा हे एक राष्ट्र आहे, मावची हे एक राष्ट्र आहे. अहिराणीत हे वचन बसवताना आम्ही ‘राष्ट्र’ वापरून पाहिले, तेव्हा ऐकणाऱ्या एका आजींनी विचारले, “म्हणजे पाकिस्तान, चीन?” त्यानंतर तो शब्द आम्ही काढून टाकला.

आता तुमचा पहिला प्रश्न. आपण कोणत्या शाखेतले? प्रामाणिक उत्तर असे की त्या यादीत भारतखंडातील कोणत्याही लोकांचे नाव नाही. ती यादी ज्या जगाकडे पाहते ते पश्चिमेला यावान म्हणजे ग्रीकांपासून पूर्वेला मादय आणि एलाम म्हणजे इराणपर्यंत, उत्तरेला गोमेर आणि तुबालापासून दक्षिणेला कूश म्हणजे मिसरच्या खालचा आफ्रिकेतला मुलूख आणि अरबस्तान येथपर्यंत पसरलेले आहे. भारताचा नावाने उल्लेख पवित्र शास्त्रात एस्तेरच्या पुस्तकात, पारसी राजाच्या राज्याची सीमा सांगताना येतो. तरीही उपदेशक आपल्याला यादीत बसवण्याची खटपट करतात. हिंदुकुश पर्वतात ‘कुश’ आहे म्हणून आपण कूशाचे वंशज, हे मी किमान दहा वेळा ऐकले आहे. केवळ नाद जुळला म्हणून नाते जुळत नाही.

खानदेशाला मात्र एक मोह फार जवळचा आहे, आणि मी स्वतः तरुणपणी त्यात अडकलो होतो. अहिराणी हे नाव अहिरांवरून आले आणि अहीर म्हणजे प्राचीन आभीर, हे तुम्हाला माहीत आहेच. उत्पत्ती १०:२९ मध्ये, शेमाच्या शाखेतील यक्तानाच्या तेरा पुत्रांत ओफीर हे नाव आहे, आणि पुढे शलमोन राजाची जहाजे सोने आणण्यासाठी ओफीरला जात असत. एकोणिसाव्या शतकात ख्रिश्चन लासेन या प्राच्यविद्या पंडिताने ओफीर म्हणजे सिंधूच्या मुखाजवळचा आभीरांचा प्रदेश असावा, असे मांडले. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या शतकात, योसेफस या यहूदी इतिहासकारानेही ओफीरची भूमी हिंदुस्थानची म्हटली होती. दुसऱ्या काहींनी ती आपल्या सोपाऱ्याशी जोडली. एवढे वाचल्यावर आपले पूर्वज थेट शेमाच्या घराण्यात नोंदलेले पाहून मला किती आनंद झाला असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता. पण यादीत ओफीरच्या आगेमागे कोण आहे ते पाहा. शबा, हवीला आणि हसर्मावेथ ही नावे त्याच्या भावंडांची आहेत, आणि हसर्मावेथ म्हणजे येमेनमधील आजचे हद्रामौत. भाटाच्या वहीत जी नावे एका पानावर येतात ती बहुधा एका शिवारातली असतात, आणि हे पान अरबस्तानचे आहे. ओफीरच्या मार्गाने भारतीय माल जात असेल, तो व्यापार खरा असेल. परंतु मालाचे येणेजाणे म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. मी ती जुळवाजुळव सोडून दिली, आणि तुम्हीही तिच्या नादी लागू नये अशी माझी विनंती आहे.

यादीत नाव नसल्याने आपण नात्याबाहेर पडत नाही. प्रेषित पौल अथेन्समध्ये अरीयपगावर उभा राहून, ज्यांना वंशावळीचा गंधही नव्हता अशा लोकांना सांगतो की देवाने एकापासून माणसांची सर्व राष्ट्रे निर्माण केली आणि त्यांचे काळ व त्यांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या (प्रेषितांची कृत्ये १७:२६). त्याही आधी आमोस संदेष्ट्याच्या तोंडून परमेश्वर इस्राएलाला विचारतो की तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही काय? इस्राएलाला मी मिसरातून आणले, तसे पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अरामी लोकांना कीर येथून आणले नाही काय? (आमोस ९:७). म्हणजे पलिष्ट्यांचे स्थलांतरही त्याच्याच हाताखाली झाले होते. सातपुड्यात, तापीच्या खोऱ्यात आणि नवापूरच्या डोंगररांगांत आपले पूर्वज कोणत्या वाटेने आले, हे इतिहासकारांनी शोधावे. त्या वाटेवर देव नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये.

हामाविषयी मी फार लिहिणार नाही, कारण जे तुम्हाला सांगितले गेले ते असत्य आहे आणि असत्याला लांब उत्तर लागत नाही. उत्पत्ती ९:२५ उघडून वाचा. शाप हामाला दिलेला नाही, कनानाला दिलेला आहे, आणि तो उच्चारणारा नोहा आहे. कूश, मिस्राईम आणि पूट या हामाच्या इतर तीन पुत्रांना त्या वचनाचा स्पर्शही नाही. वर्णाचा तर तेथे विषयच नाही. अमेरिकेतील गुलामांच्या मालकांना हा अर्थ सोयीचा होता, म्हणून त्यांनी तो उचलून धरला आणि पिढ्यानपिढ्या व्यासपीठांवरून शिकवला. ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातील हे मोठे पाप आहे. मोशेने कूशी स्त्री पत्नी केली म्हणून त्याची बहीण मिर्याम हिने नावे ठेवली, तेव्हा परमेश्वराने कोणाला धरले ते गणना १२ मध्ये पाहा: कोडाने बर्फासारखी पांढरी झाली ती मिर्याम. ज्या वक्त्याने तुम्हाला हामाचा शाप शिकवला, त्याच्याकडे हा अध्याय घेऊन जा, आणि नम्रपणे पण न घाबरता तो त्याच्यापुढे वाचून दाखवा.

आता बाबेल. हा भाग मला पुस्तकात कळला त्यापेक्षा तापीकाठच्या एका वीटभट्टीवर अधिक नीट कळला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. आपली काळी माती विटेला चालत नाही, ती वाळली की भेगाळते. म्हणून भट्ट्या नदीच्या गाळाच्या मातीजवळ लागतात. एका हिवाळ्यात सातपुड्यातून आलेली काही कुटुंबे तेथे कामाला होती, आणि त्यांच्यातील विश्वासणाऱ्यांसाठी मी संध्याकाळी प्रार्थनेला जात असे. माती भिजवायची, तुडवायची, साच्यात थापायची, उन्हात वाळवायची, मग रचून पऱ्हाटी आणि कोळसा घालून भट्टी लावायची. आपसात ती माणसे पावरी बोलत, मुकादम अहिराणीत ओरडे, ट्रकवाला गुजराती बोले, आणि हिशेबाची वही मराठीत होती. प्रत्येक विटेच्या खाचेत मालकाच्या नावाची अक्षरे उमटलेली होती. साच्यातून वीट पालथी करून काढताना एक मुलगी ती अक्षरे बोटाने चाचपत होती. तिला वाचता येत नव्हते, आणि त्या हजारो विटांपैकी एकीवरही तिच्या बापाचे नाव नव्हते.

त्या संध्याकाळी मी उत्पत्ती ११ वाचले. शिनाराच्या मैदानात लोक म्हणतात, चला, आपण विटा करू आणि त्या पक्क्या भाजू. दगडाच्या जागी वीट, चुन्याच्या जागी डांबर. गाळाच्या सपाट प्रदेशात दगड मिळत नाही आणि डांबर जमिनीतून वर येते, त्यामुळे हे वर्णन मेसोपोटेमियाचे म्हणून अगदी नेमके आहे. पुढचे वाक्य असे की आपण आपले नाव करू, नाहीतर सगळ्या पृथ्वीवर आपली पांगापांग होईल. बाबेल (बॅबिलॉन) नगरीतील एतेमेनान्की नावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिर-बुरुजाचा पाया प्रत्येक बाजूला सुमारे ९१ मीटर होता, आणि तो पुन्हा उभारणाऱ्या नबुखद्नेस्सर राजाच्या (इ.स.पू. ६०५ ते ५६२) विटांवर त्याच्या नावाचा छाप मारलेला सापडतो. ‘नाव करणे’ हे तेथे शब्दशः विटेत उतरले होते. भट्टीवरच्या माणसांना हा अध्याय मला समजावून सांगावा लागला नाही. दुसऱ्याच्या नावाच्या विटा पाडणे म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते.

‘एकच भाषा’ या शब्दांत इब्रीत एक बारकावा आहे. दहाव्या अध्यायात भाषेसाठी ‘लाशोन’, म्हणजे जीभ, हा शब्द आहे; अकराव्यात ‘साफा’, म्हणजे ओठ, हा शब्द आहे. सगळ्या पृथ्वीला ‘एक ओठ’ होता. अश्शूरचा राजा सार्गोन दुसरा (इ.स.पू. ७२२ ते ७०५) आपल्या नव्या राजधानीच्या शिलालेखात अभिमानाने सांगतो की चारी दिशांच्या, परक्या जिभांच्या लोकांना मी ‘एक तोंड’ केले. साम्राज्याची ती जुनी भाषाच आहे: सर्वांनी एका तोंडाने बोलावे, आणि ते तोंड राजाचे असावे. काही अभ्यासक यावरून म्हणतात की बाबेलची ‘एक भाषा’ ही घराघरांतल्या बोलींवर लादलेली सत्तेची भाषा होती. हा अर्थ सर्वांना मान्य नाही, आणि परंपरेने मंडळीने वचनाचा साधा अर्थ, म्हणजे सर्व मानवजातीची मूळ एकच भाषा, असाच घेतला आहे. मी स्वतः दोन्हींकडे आदराने पाहतो. कोणताही अर्थ घेतला तरी न्याय कशावर आला हे बदलत नाही. पृथ्वी भरून टाका या आज्ञेला त्यांनी दिलेला नकार, आणि स्वतःच्या नावाचा हव्यास, यांवर तो आला. म्हणूनच लगेच पुढच्या अध्यायात देव अब्रामाला म्हणतो की मी तुझे नाव मोठे करीन आणि तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. बाबेलकरांनी जे हिसकावून घ्यायचा यत्न केला ते तेथे दान म्हणून मिळते, आणि ‘कूळ’ हा दहाव्या अध्यायातला शब्द तेथे आशीर्वादाचा धनी होऊन परत येतो.

आणखी एक शब्द. बाबेल हे नाव तेथील लोकांच्या अक्कदी भाषेत ‘बाब-इलु’, म्हणजे देवाचे द्वार, असे समजले जाई. शास्त्राचा लेखक त्याला ‘बालल’ या इब्री क्रियापदाशी जोडतो आणि आपण भाषांतरात ‘घोटाळा’ म्हणतो. हेच क्रियापद लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पणाच्या सपिठाला तेल लावून मळण्यासाठी आले आहे. म्हणजे त्याचा घरगुती अर्थ कालवणे, एकात एक मिसळणे. या एका शब्दावर मी सिद्धान्त उभा करणार नाही. पण अहिराणीत बसवताना ‘मोडून टाकली’ असे भाषांतर पुढे आले, तेव्हा मी ते नाकारले. देवाने भाषा मोडल्या असे वचन म्हणत नाही.

तुमच्या प्राध्यापकांविषयी. मराठी महाराष्ट्री प्राकृतातून, अपभ्रंशाच्या वाटेने घडत आली, हे खरे आहे, आणि ते मान्य केल्याने तुमच्या विश्वासाला तडा जात नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६ चा शिलालेख आहे; भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने ज्योतिषाच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे आणि त्याचा शेवटचा भाग तेव्हाच्या मराठीत आहे. आज तो मराठी माणसाला आधाराशिवाय लागत नाही. आठशे वर्षांत, कोणताही बुरूज न पडता, भाषा एवढी बदलली. अहिराणीत बापाचा हे ‘बापना’ होते आणि बापाला हे ‘बापले’ होते. त्यातला ‘ना’ गुजरातीकडे हात करतो आणि कितीतरी शब्द मराठीचे आहेत. शेजारपण, बाजार, सोयरिकी आणि स्थलांतरे यांतून बोली घडतात, हे डोळ्यांपुढे दिसते आहे. बाबेलच्या कथेचा तो विषय नाही. आज जगात बोलल्या जाणाऱ्या प्रत्येक भाषेचा जन्मदाखला त्या नऊ वचनांत शोधणे म्हणजे वचनाला ते न म्हणणारे म्हणायला लावणे होय.

वंशावळीतून भाषाकुळे काढण्याचा प्रयत्नही फसतो, आणि हे तुम्ही तुमच्या वर्गात सांगू शकता. ‘सेमिटिक’ हे नाव शेमावरून अठराव्या शतकात पडले. पण उत्पत्तीत शेमाचा पुत्र असलेल्या एलामाची भाषा सेमिटिक नव्हती. हामाच्या शाखेतील निम्रोदाच्या अक्कद नगराची भाषा मात्र सेमिटिक होती. आणि कनान हामाचा पुत्र असला तरी इब्री ही कनानी भाषांचीच सख्खी बहीण आहे, इतकी की यशया १९:१८ मध्ये तिला ‘कनानाची भाषा’ म्हटले आहे. लेखकाला हे ठाऊक नव्हते असे नाही. तो शेजार, सत्ता आणि नाते यांचा नकाशा काढत होता, व्याकरणाचा नव्हे. काळाचेही तसेच. सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी वंशावळींतील वर्षे मोजून जलप्रलय इ.स.पू. २३४८ च्या सुमारास ठरवला, आणि काही मंडळ्यांत तो आकडा वचनाइतका पवित्र मानला जातो. सुमेर आणि मिसर येथील लेखन त्याच्या कित्येक शतके आधी सुरू होते आणि त्या काळात ते अखंड चालू होते. आकडा अशर यांचा आहे, मोशेचा नाही, आणि तो सोडून द्यायला माझी हरकत नाही. मंडळीच्या प्राचीन आचार्यांतही एकमत नव्हते. ऑगस्टीनला इब्री हीच मानवाची आद्य भाषा वाटे. निस्साचा ग्रेगरी चौथ्या शतकातच म्हणाला होता की बोलण्याची शक्ती देवाने दिली आणि शब्द माणसांनी घडवले. देव पंतोजीसारखा बसून अक्षरे गिरवून घेत नव्हता. मला ग्रेगरीचे म्हणणे पटते, कारण उत्पत्ती २ मध्ये प्राण्यांना नावे आदाम देतो आणि देव ती काय देतो हे पाहत राहतो.

आता ज्या गोष्टीपाशी मला यायचे होते तेथे येतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, यरुशलेमेत जमलेल्या लोकांची यादी प्रेषितांची कृत्ये २ मध्ये आहे, आणि तिची सुरुवात पार्थी, मेदी आणि एलामी अशी होते. मेदी म्हणजे दहाव्या अध्यायातील मादय, एलामी म्हणजे एलाम. या पुस्तकाचा लेखक लूक याने ती जुनी वही पुन्हा उघडली आहे. आत्मा उतरतो तेव्हा देव सर्वांना पुन्हा एक ओठ देत नाही. प्रत्येक जण ज्याच्या त्याच्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकतो, आणि तेथला ग्रीक शब्द ‘दियालेक्तोस’ आहे, म्हणजे त्या त्या लोकांची बोलण्याची रीत, बोली. बोलणारे कोण, तर गालीली, ज्यांचे उच्चार ऐकून यरुशलेमेची माणसे त्यांना ओळखत. पेत्राला मुख्य याजकाच्या अंगणात त्याच्या बोलीनेच उघडे पाडले होते.

उच्चारावरून माणूस ओळखून त्याला बाजूला काढणे म्हणजे काय, हे शास्त्राला पुरते ठाऊक आहे. शास्ते १२ मध्ये यार्देनेच्या उतारावर ‘शिब्बोलेथ’ म्हणता न येऊन ‘सिब्बोलेथ’ म्हणणाऱ्या एफ्राइम्यांना मारले, आणि ४२,००० माणसे पडली. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. केळ्याचे ‘केयं’ होते, डोळ्याचा ‘डोया’ होतो. पुण्यात शिकायला गेलेला आपला मुलगा वर्गात पहिल्यांदा ‘केयं’ म्हणतो आणि त्यानंतर वर्षभर तोंड उघडत नाही, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. तुमच्या प्रश्नामागे असेच काही घडलेले असेल, तर मला त्याचे मनापासून दुःख आहे. आणि ते मंडळीच्या आवारात घडले असेल तर त्याहून अधिक.

ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांची जी पाहणी केली, तिच्यातील भिली बोली आणि खानदेशी यांचा भाग १९०७ साली निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यांनी एकच गोष्ट वापरली होती, लूक १५ मधील उधळ्या पुत्राचा दाखला. सरकारी पाहणीसाठी का होईना, येशूने सांगितलेली ती गोष्ट आपल्या डोंगरदऱ्यांतल्या बोलींत शंभर वर्षांपूर्वी उतरली. साक्री तालुक्यातील एका घरी मी हाच दाखला एकदा प्रमाण मराठीत वाचला. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या माय डोळे मिटून ऐकत होत्या, ऐकत होत्या की नाही कोण जाणे. मग माझ्याबरोबरच्या भावाने पुस्तक बाजूला ठेवून सुरुवात केली, “एक माणूसले दोन आंडोर व्हतात,” म्हणजे एका माणसाला दोन मुलगे होते. मायेने डोळे उघडले आणि विचारले, “मंग?” इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही उपदेशाला तो प्रश्न आला नव्हता.

योहानाला प्रकटीकरण ७:९ मध्ये जो मोठा समुदाय दिसतो, तो सर्व राष्ट्रे, वंश, लोक आणि भाषा यांतून आलेला आहे. राजासनासमोर उभे असतानाही तो त्यांच्या भाषा वेगळ्या ओळखू शकतो, म्हणजे त्या तेथेही पुसल्या गेलेल्या नाहीत. तेव्हा मावचीत प्रार्थना करा. घरी करा आणि मंडळीतही मोठ्याने करा, आणि ज्यांना ती कळत नाही त्यांच्यासाठी शेजारी बसलेल्याने मराठीत सांगावे.

एक काम मात्र तुम्हाला सांगतो. उत्पत्ती १० मधील ते चार शब्द, देश, भाषा, कूळ आणि राष्ट्र, तुमच्या आजीला एकेक करून विचारा. मराठी शब्द आधी सांगू नका. तुमचे लोक कोण, ते कोठून आले, आणि पलीकडच्या डोंगरातले लोक तुमचे कोण लागतात, एवढेच विचारा आणि त्या जे शब्द वापरतील ते जसेच्या तसे लिहून मला पाठवा. ‘राष्ट्र’साठी आम्हाला अहिराणीत अजून मनाजोगा शब्द सापडलेला नाही, आणि कदाचित तो तुमच्या आजीकडे असेल.